'ट्रस्ट' : एका शब्दाचे कूळ आणि शील

ज्यांनी इंग्रजीची पहिली इयत्तादेखील पाहिली नाही अशा आपल्या आजीबाईंच्या तोंडीही काही इंग्रजी शब्द सहज असतात. 'ट्रस्ट' हा त्यांपैकीच एक. "मुंज ट्रस्टच्या हॉलमध्ये आहे", "ट्रस्टची पातेली परत केलीस का?", "धाकट्याला ट्रस्टकडून वह्या मिळाल्या" अशी वाक्ये आपल्या बडोद्यातील कोणत्याही मराठी घरात ऐकू यावीत. शब्द इतका अंगवळणी पडला आहे, की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाच्या मनात येत नाही.

मला तो एका विद्यार्थ्याने विचारला. इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर 'ट्रस्ट म्हणजे विश्वास' असे लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग विश्वासाच्या हॉलमध्ये मुंज कशी होते?" वर्ग हसला, मीही हसलो. परंतु त्या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते, हे आज कबूल करतो.

दुसरा प्रसंग त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घडला. एका संस्थेच्या वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने उभे राहून विचारले, की भांड्यांच्या भाड्याची रक्कम जमाखर्चात कोठे दिसते? प्रश्न साधा होता, विचारण्याची रीतही सभ्य होती. परंतु ज्या वृद्ध विश्वस्तांनी त्या संस्थेसाठी उभा जन्म झिजवला होता, त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही तर!" एवढेच ते म्हणाले. सभा गप्प झाली. तरुण खाली बसला. त्याला उत्तर कोणी दिले नाही, आणि पुढल्या वर्षी तो सभेला आला नाही. संस्थेचे नाव येथे सांगत नाही. असा प्रसंग कोणत्याही संस्थेत घडू शकतो.

त्या दोघांपैकी कोणाचे चुकले, हा विचार मला कितीतरी दिवस सोडीना. विश्वास आणि हिशेब ह्यांचे वैर आहे काय? शेवटी मास्तराच्या सवयीप्रमाणे मी शब्दकोश उघडला, आणि त्या धाग्याने कायद्याच्या पुस्तकांपर्यंत गेलो. जे हाती लागले ते आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

शब्दाचे कूळ

'ट्रस्ट' हा शब्द इंग्रजीत बाहेरून आला. नवव्या व दहाव्या शतकांत डेन्मार्क-नॉर्वेकडील दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व किनाऱ्यांवर प्रथम लुटालूट केली, आणि पुढे तेथेच जमिनी कसून ते स्थायिक झाले. त्यांच्या भाषेला प्राचीन नॉर्स म्हणतात. तीत 'त्राउस्त' असा शब्द होता. भरवसा, आधार, आसरा असे त्याचे अर्थ. सुमारे इ. स. १२०० पासून हा शब्द 'ट्रस्ट'च्या रूपाने इंग्रजी लेखनात दिसू लागतो.

ह्याच लोकांकडून इंग्रजांनी 'एग', 'नाइफ', 'विंडो', 'स्काय' असे रोजच्या वापरातले शब्द घेतले. पण आपल्या विषयाला उपयोगी असे त्यांचे आणखी दोन शब्द आहेत. पहिला 'लॉ', म्हणजे कायदा. त्याचा मूळ अर्थ 'घालून ठेवलेले', आपण 'घालून दिलेला नियम' म्हणतो तसाच. दुसरा 'फेलो'. आज त्याचा अर्थ सोबती किंवा नुसता 'मनुष्य' असा झाला आहे. परंतु मूळ नॉर्स शब्दात 'फे' म्हणजे गुरेढोरे, पैसाअडका. सामाईक कामासाठी ज्याने आपला पैसा दुसऱ्याच्या पैशाशेजारी आणून ठेवला, तो 'फेलो'. लुटारू म्हणून आलेल्या लोकांनी शेजाऱ्यांना कायदा, भागीदार आणि भरवसा हे तीन शब्द द्यावेत, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची. परंतु त्यात नवल नाही. परक्या मुलखात स्थिर होऊन राहावयाचे तर ह्या तिन्ही गोष्टींवाचून चालत नाही. दोनशे-अडीचशे वर्षांमागे गोदा-कृष्णेकाठचा मुलूख सोडून गुजरातेत येऊन राहिलेल्या आपल्या पूर्वजांना हे वेगळे सांगावे लागले नसते.

'ट्रस्ट'चे भाऊबंद इंग्रजीत पुष्कळ आहेत. खरा ह्या अर्थाचा 'ट्रू', सत्य ह्या अर्थाचा 'ट्रूथ', लढाई थांबवण्याच्या कराराचा 'ट्रूस', वाङ्निश्चयाचा 'बिट्रोथ' हे सारे एकाच घरातले. जर्मन भाषेत 'ट्रोस्ट' म्हणजे सांत्वन. तोही ह्याच कुळातला. ह्या सर्वांच्या मुळाशी एक फार जुना धातू भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याचा अर्थ घट्ट, टणक, न हलणारा. आणि त्यावरूनच झाड व लाकूड. इंग्रजी 'ट्री' म्हणजे झाड हा शब्द त्याच धातूचा.

येथे आपली आणि त्या शब्दाची ओळख पटते. संस्कृतात 'दारु' म्हणजे लाकूड, 'द्रु' आणि 'द्रुम' म्हणजे झाड. 'देवदार' म्हणजे देवांचे झाड. औषधातील दारुहळद, म्हणजे लाकडासारखी हळद. 'द्रोण' म्हणजे मूळचे लाकडी भांडे. पंगतीतला पानांचा द्रोण नंतरचा. हे सर्व शब्द त्या 'ट्री'चे, आणि म्हणून 'ट्रस्ट'चेही, दूरचे नातलग आहेत. (बाटलीतल्या 'दारू'ची वाट मात्र वेगळी. ती आपल्याकडे फारसीतून आली, आणि तेथे त्या शब्दाचा अर्थ औषध असा आहे!)

तेव्हा 'ट्रस्ट' ह्या शब्दाच्या पोटात लाकडाचा घट्टपणा आहे. आपल्या जुन्या वाड्यांतील सागवानी खांब डोळ्यांपुढे आणावा. पाठ टेकली तरी जो हलत नाही, तो ट्रस्ट.

आपले शब्द

आता आपला 'विश्वास' पाहू. 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे. त्यास 'वि' हा उपसर्ग लागून 'विश्वस्' झाले. ज्याच्याजवळ बसले असता श्वास मोकळा चालतो, छातीत धडधड होत नाही, त्याच्याविषयी वाटणारी भावना म्हणजे विश्वास. उत्तरेकडच्या लोकांनी टेकण्याच्या खांबाकडे पाहून शब्द घडवला, आपल्या पूर्वजांनी टेकलेल्या माणसाच्या छातीकडे पाहून. 'विश्वस्त' हा शब्द ह्या 'विश्वासा'पासूनच आला.

मराठी माणसाने ह्या शब्दाची थट्टाही केली आहे. १७६१ च्या पानिपतच्या रणात नानासाहेब पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव पडले. तेव्हापासून कोणी "माझ्यावर विश्वास ठेव" म्हटले, की "विश्वास पानिपतात गेला!" असे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत आहे. थट्टा खरी, पण तीत पोळलेल्या माणसाचा अनुभव आहे.

ट्रस्टला आपला दुसरा शब्द 'न्यास'. 'नि' आणि 'अस्' मिळून खाली ठेवणे असा त्याचा अर्थ. न्यास म्हणजे दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू, ठेव. मनुस्मृतीत तंट्यांचे जे अठरा विषय दिले आहेत त्यांत पहिला कर्जाचा आणि दुसरा निक्षेपाचा, म्हणजे ठेवीचा आहे. ठेव ठेवणारे व ती बुडवणारे, दोन्ही आपल्याकडे पुरातन आहेत, असाच त्याचा अर्थ. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात शकुंतलेला सासरी धाडल्यावर कण्वांना जो हलकेपणा वाटतो, त्याला कवीने उपमा दिली आहे ती हीच : दुसऱ्याचा न्यास ज्याचा त्याला परत केल्यावर मनुष्याचे अंतःकरण जसे निवते, तसे ते निवले. ठेव जवळ असते तोवर मनावर ओझे असते, ही गोष्ट कवीने अचूक टिपली आहे.

अरबीतून आपल्याकडे 'अमानत' आला आणि मराठीने त्याची अक्षरे उलटसुलट करून 'अनामत' केला. 'अमीन' आणि 'इमान' हे त्याच अरबी धातूचे शब्द. आपल्या बडोद्यात तर ह्या शब्दांची नीट मांडणी व्हावी म्हणून श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतील प्रतिशब्द देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश करविला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. कारभाराचा शब्द रयतेला समजला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. आजच्या ह्या लेखाचा हेतूही, फार लहान प्रमाणात, तोच आहे.

भावनेचा कायदा कसा झाला

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. मनातली भावना इमारतीचे नाव कशी झाली?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक जमीन मृत्युपत्राने कोणाला देता येत नसे. तशी सर्वसाधारण मुभा १५४० च्या कायद्याने मिळाली. तेव्हा ज्याला आपल्या माघारी बायकोची किंवा धाकट्या मुलांची सोय लावावयाची असे, तो जिवंतपणीच आपली जमीन दोन-चार विश्वासू मित्रांच्या नावे करून देई आणि सांगे, "जमीन तुमच्या नावावर, पण उत्पन्न माझ्या मुलाबाळांसाठी." १२२४ साली सेंट फ्रान्सिसच्या पंथाचे भिक्षू इंग्लंडात आले. मालमत्ता बाळगावयाची नाही हे त्यांचे व्रत. पण डोक्यावर छप्पर तर पाहिजे! मग गावातले लोक घर आपल्या नावे ठेवीत आणि भिक्षूंना त्यात राहू देत. नाव एकाचे, उपयोग दुसऱ्याचा, असा हा व्यवहार. त्यास 'यूज' असे म्हणत.

मित्र प्रामाणिक असला तर सर्व ठीक. पण तो फिरला तर? राजाची सामान्य न्यायालये फक्त दप्तरातले नाव पाहात. ज्याच्या नावावर जमीन, तो मालक. विधवेचे रडणे दप्तरात लिहिलेले नसे. अशी फसलेली माणसे राजाचा मुख्य अधिकारी जो चॅन्सेलर, त्याच्याकडे अर्ज घेऊन जाऊ लागली. हा चॅन्सेलर त्या काळी बहुधा धर्मगुरू असे. तो नावाच्या मालकाला बोलावून शपथेवर विचारी : "जमीन तुझ्या नावावर आहे हे खरे; पण ती कशासाठी तुझ्या नावावर झाली? तुझे मन तुला काय सांगते?" आणि कबुलीप्रमाणे वागण्याचा हुकूम देई; न ऐकणाऱ्यास तुरुंग दाखवी. पंधराव्या शतकापर्यंत ही रीत पक्की झाली.

आठव्या हेन्री राजाला मात्र हा व्यवहार रुचेना, कारण त्यामुळे वारशाच्या वेळी मिळणारे त्याचे हक्काचे पैसे बुडत. १५३५-३६ मध्ये त्याने कायदा करून 'यूज'ची ही पद्धत बहुतांशी मोडून काढली. वकिलांनी त्यातूनही वाट काढली. एका 'यूज'वर दुसरा 'यूज' चढवला, आणि सतराव्या शतकात चॅन्सेलरच्या न्यायालयाने त्या दुसऱ्यास मान्यता दिली. त्यालाच पुढे 'ट्रस्ट' हे नाव रूढ झाले.

ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला जाब विचारता आला पाहिजे, ही गरज पडली तेव्हा 'ट्रस्ट' कायद्यात आला. जाब विचारणारे कोणी नसते, तर ट्रस्ट ही संस्थाच जन्मास आली नसती.

धर्मादायाची कथाही अशीच आहे. एलिझाबेथ राणीच्या वेळी, १६०१ साली, धर्मादाय देणग्यांविषयी एक प्रसिद्ध कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत सत्कार्यांची यादी आहे : म्हातारे व दुबळे ह्यांना मदत, जायबंदी शिपायांची सोय, शाळा व विद्यार्थी, पूल, बंदरे व रस्ते ह्यांची दुरुस्ती, अनाथांचे शिक्षण, गरीब मुलींची लग्ने, होतकरू कारागिरांना साह्य. जणू आपल्याच ट्रस्टच्या अहवालाची अनुक्रमणिका! १८९१ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने आयकराच्या एका खटल्यात धर्मादायाचे जे चार वर्ग सांगितले, म्हणजे दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म व इतर लोकोपयोगी कामे, त्यांच्यामागे हीच यादी आहे. पण १६०१ चा तो कायदा झाला कशासाठी? यादी देण्यासाठी नव्हे. देणग्यांचा पैसा भलतीकडे जातो अशी ओरड होती. त्याची चौकशी करणारे अधिकारी नेमण्यासाठी तो कायदा झाला.

आपल्याकडील कायदा

हिंदुस्थानात खाजगी ट्रस्टांचा कायदा १८८२ साली झाला. त्यातील ट्रस्टची व्याख्या आपल्या भाषेत सांगावयाची तर अशी : मालकीला चिकटलेले कर्तव्य; आणि हे कर्तव्य मालकावर ठेवलेल्या व त्याने स्वीकारलेल्या विश्वासातून निघते. मराठीत आपण विश्वास 'ठेवतो' असेच म्हणतो, जणू ती एखादी वस्तू आहे. कायदाही तेच म्हणतो. मात्र एकाने ठेवून भागत नाही. दुसऱ्याने तो स्वीकारावा लागतो.

त्याच कायद्याप्रमाणे, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी घेईल तितकी विश्वस्ताने ट्रस्टच्या मालमत्तेची घ्यावयाची असते. त्याने तीतून स्वतःचा फायदा करून घ्यावयाचा नसतो. आणि त्याने हिशेब स्वच्छ व बिनचूक ठेवून, ज्याच्यासाठी ट्रस्ट आहे त्याने मागितल्यास केव्हाही माहिती द्यावयाची असते. हिशेब देणे ही विश्वस्ताची मेहेरबानी नव्हे, ते त्याच्या पदाचे अंग आहे.

आपल्यासारख्या सार्वजनिक धर्मादाय ट्रस्टांसाठी मुंबई राज्याने १९५० साली वेगळा कायदा केला. बडोदे संस्थान १९४९ मध्येच मुंबई राज्यात विलीन झाले होते, म्हणून तो आपल्यालाही लागू झाला. १९६० साली गुजरात व महाराष्ट्र वेगळे झाले तरी तो दोन्हीकडे कायम राहिला. पुढे दोन्ही राज्यांनी त्यास आपापले नाव दिले. नोंदणी, वार्षिक हिशेब, हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख ही त्याची मुख्य अंगे आहेत.

शब्दाचे बरेवाईट संसार

हा शब्द पुढे नाना घरी नांदला. १८७३ मध्ये मुंबईचे बंदर सांभाळण्यास 'पोर्ट ट्रस्ट' झाला. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईची दाट वस्ती सुधारण्यास 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' निघाला. अमेरिकेत मात्र शब्दाला काळिमा लागला. १८८२ साली रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने अनेक तेलकंपन्यांचे भाग मूठभर विश्वस्तांच्या हाती एकवटले. पाहता पाहता 'ट्रस्ट' म्हणजे मक्तेदारी असा अर्थ झाला. १८९० साली तेथे ट्रस्टविरोधी कायदा करावा लागला, आणि १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. शब्द तोच, पण ज्याच्यासाठी ट्रस्ट असावयाचा तो सामान्य मनुष्य त्यातून नाहीसा झाला, की असे होते.

उलट गांधीजींनी ह्या शब्दाला फार उंचावर नेले. विलायतेत कायदा शिकताना त्यांनी स्नेलचे 'इक्विटी' हे पुस्तक वाचले होते. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीतेचे चिंतन करताना अपरिग्रह म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा त्या पुस्तकातील 'ट्रस्टी' त्यांच्या मदतीस आला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. ट्रस्टीच्या हाती करोडो रुपये असले तरी त्यांतली एक पैही त्याची नसते. तसे प्रत्येकाने आपल्या संपत्तीविषयी वागावे, हा बोध त्यांनी घेतला. कायद्याच्या पाठ्यपुस्तकातील शब्दाने गीता उलगडावी, असे भाग्य थोड्याच शब्दांचे असते.

दोन प्रश्नांची उत्तरे

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला आता उत्तर देता येईल. बाळ, तो विश्वासाचा हॉल नव्हे. कोणाच्या तरी विश्वासावर ठेवलेला हॉल आहे. पन्नास वर्षांमागे ज्यांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून पाच-दहा रुपये दिले, त्यांनी तो आज तुझ्या मुंजीसाठी ठेवला. मधले विश्वस्त हे त्या ठेवीचे राखणदार.

आणि सभेतील त्या तरुणाला व त्या वृद्ध गृहस्थांना? माझ्या मते तरुणाचे चुकले नव्हते. वृद्ध गृहस्थही खोटे नव्हते. त्यांना फक्त वाटले, की हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे. आपल्या गुजराती शेजाऱ्यांची एक म्हण आहे, 'हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी'. द्यावयाचे तर लाख द्यावे, पण हिशेब कवडीचाही ठेवावा. व्यापारात मुरलेल्या ह्या समाजाने हिशेबाला कधी अपमान मानले नाही.

वर सागवानी खांबाचा दाखला दिला. दरवर्षी पावसाळा संपला, की आपले वडील वाड्याचे खांब बोटांनी ठोकून पाहात. वाळवी तर लागली नाही ना? त्यात खांबाचा अपमान नव्हता. त्या खांबावर सगळे घर निर्धास्त झोपावयाचे होते, म्हणून ते ठोकणे होते. सभासदाने वार्षिक सभेत विचारलेला प्रश्न हा तसा आहे. मात्र विचारणाऱ्यानेही खांब ठोकून पाहावा; त्यावर कुऱ्हाड घालू नये. आणि उत्तर मिळाल्यावर पाठ टेकावी, कामालाही लागावे.

शेवटी ह्या उत्सवाच्या नावाविषयी दोन शब्द. 'ज्युबिली' हा शब्द हिब्रू भाषेतला. मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग असा त्याचा मूळ अर्थ समजतात. यहुदी धर्मग्रंथात सांगितले आहे, की दर पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकावे, आणि विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, गुलाम मोकळे व्हावेत. जमीन देवाची, माणूस तीवर नुसता राहणारा, असा त्यामागील भाव आहे.

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे होत आहेत. नव्या विश्वस्तांच्या हाती किल्ल्या व वह्या देण्याचा हा समय आहे. देणाऱ्यांना कण्वांप्रमाणे हलके वाटो, आणि घेणाऱ्यांना ओझे वाटो. आणि सभेला यावयाचे सोडून गेलेला एखादा तरुण आपल्यातही असेल, तर त्याला ह्या वर्षी घरी जाऊन आमंत्रण द्यावे, एवढीच ह्या वृद्ध मास्तराची विनंती आहे.